बोटभर अंतर

मार्चात वसमतच्या हवेला रंग असतो.
मोंढ्यात हळदीचं पॉलिश चालू,
ड्रम फिरायलेत,
आणि दुकानाची काच दिवसातून तीनदा पुसली
तरी पिवळीच.

त्या काचेवर, उधारीच्या वहीला खेटून,
रत्नदीप कापसेनं ठेवला नवा कॅमेरा.
आजच नांदेडहून आणलेला, बिनआरशाचा.
झाकण काढून त्यानं तोंड दाखवलं.
एवढं मोठं तोंड, आणि आत सेन्सर उघडा,
जावळ काढलेल्या लेकराच्या टाळूसारखा.
कुणीच हात लावला नाही.

"आरसा गेला की भिंग पार जवळ येतं," रत्नदीप म्हणला,
"कडेच्या वऱ्हाड्याची मिशीसुद्धा धारदार."
"मिशीचं राहू दे," केरबा म्हणला,
"माझ्या चार लेन्सा ह्याला बसतेत का?"
"अडॅप्टर लागतो."
"केवढ्याला?"
रत्नदीपनं सांगितलं.
केरबाची बशी ओठापर्यंत आली होती, तिथंच थांबली.
"म्हणजे मधला माणूस घालून सोयरीक.
बॉडी बदलू रे दर चार सालाला, ती बैलजोडी.
लेन्स म्हणजे बांध.
बांध सरकवला की भांडण आलंच."

मग हळदीची गोष्ट निघाली, निघणारच होती.
मांडवात लेन्स बदलताना एक कण आत गेला,
पिवळा कण, पण फोटोत डाग काळा.
सातशे फोटोंत एकच माशी, एकाच जागी,
नवरीच्या मामानं पैसे कापले.
"त्याला तर आरसा होता," रत्नदीप म्हणला.
"म्हणून एकच माशी," केरबा म्हणला.

प्रज्ञा वाठोरे आतापर्यंत गप्प होती.
रविवारी कुरुंद्याला तिनं हाच वापरला होता, मागून आणलेला.
"चांगलाय," ती म्हणाली. "अंधारात डोळा शोधतो.
पण वाजत नाही.
नवरदेवाचे आजोबा खुर्चीत ताठ बसले, छाती भरून.
मी काढले चार, वळले, निघाले जेवायला.
मागून नात ओरडली, ताई, आजोबा श्वास सोडंनात.
ते खटक्याची वाट बघायले होते."

आम्ही हसलो. ती पण हसली, जरा उशिरा.
आवाज चालू करता येतो, रत्नदीप सांगायला लागला,
मेन्यूत आहे, तिसऱ्या पानावर, खोटा आवाज.
खोटा, हा शब्द त्यानं नीट गिळला नाही.

नजीरभाई कोपऱ्यात, स्टुलावर.
चाळीस साल लग्नं काढली, रोल मोजून.
उठले, शटर अर्धं खाली ओढलं,
दुकानात अंधार झाला.
खिशातून जुनं भिंग काढलं, रुमालात बांधलेलं,
कड्यावरचे आकडे बोटांनी खाल्लेले.
दुसऱ्या हातात कुणाची तरी लग्नपत्रिका, कोरी बाजू वर.
"देखो," म्हणाले, आणि पत्रिका मागं-पुढं करू लागले,
केसाएवढी पुढं, केसाएवढी मागं,
तव्यावरची भाकर फुगायच्या आधी हात थांबतो तसं.

आणि रस्ता आला.
उलटा. पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा.
पोतं घेतलेला हमाल, पाय आभाळात,
टेम्पोची चाकं वर,
वर खाली सगळी हळद.
कॅमेरा नाही, तोंड नाही, कंपनी नाही.
"इथं," नजीरभाई म्हणाले. "बस, इथं."
"साडेसेहेचाळीस," रत्नदीप पुटपुटला, मिलिमीटर.
कुणी फोटो काढला नाही त्याचा. चार फोटोग्राफर होतो आत,
मला धरून पाच.

मग टेम्पो दारासमोरच उभा राहिला,
पत्रिका कोरी झाली.
शटर वर गेलं.
केरबानं गार चहा एका घोटात संपवला
आणि बशीकडंच बघत विचारलं,
"हप्ते किती म्हणलास?"

माझं मत कुणी विचारलं नव्हतं.
मी वहीचं शेवटचं पान हातानं झाकलं,
तिथं आठ दिवसांपासून एक बेरीज होती,
जुन्या लेन्सा विकल्या तर किती येतील याची,
आणि ती दर वेळी
थोडी कमी पडायली होती.